अर्धी पुडी

काल्देरेतात टोमॅटो?
तातांग म्हणायचे, लालच बघायचं असेल
तर कोंबड्याचा तुरा बघा.

बोकड आदल्या रात्रीपासून व्हिनेगरमध्ये,
कलेजी भाजून दगडावर वाटलेली,
लोणच्यातली काकडी, पेराएवढ्या मिरच्या,
आणि मंद जाळ.
एवढंच. बातांगासमधल्या तीन गावांची लग्नं
त्यांनी एवढ्यावरच लावून दिली.
मनिलाहून आलेली एक वऱ्हाडीण एकदा म्हणाली,
"जरासा सॉस घातला असतात तर..."
त्यांनी डाव पुसला, एप्रन सोडला
आणि दोन्ही तिच्या हातात दिलं.

मग त्या जानेवारीत ताल डोंगरानं राख ओकली.
आम्ही बावानच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात,
फळ्यावर कुणाचा तरी अर्धा राहिलेला गुणाकार.
माणसं दोनशे दहा, बोकड एक,
तोही राखेनं म्हातारा दिसणारा.
मदतीच्या ट्रकमधून उतरले
तांदूळ, साबण,
आणि टोमॅटो सॉसचे बेचाळीस डबे.

तातांग कढईभोवती दोनदा फिरले.
माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुरिंग, ओपनर."
डबा पालथा करताना पाठ आमच्याकडं,
उसने आणलेले पैसे मोजताना
माणसं करतात तशी.
रस्सा वाढला. मांस दिसेनासं झालं,
म्हणजे ते किती कमी आहे तेही दिसेनासं झालं.
लाल रंगाला हे एक बरं जमतं.

पोरांनी ताटल्या चाटल्या.
एकानं विचारलं, उद्या पण हेच का?
तातांग सगळ्यांच्या शेवटी जेवले,
भातानं ताटली निपटली,
आणि म्हणाले, "मीठ कमी पडलं."
बाकी एक शब्द नाही. त्या रात्री नाही,
नंतरही कधी नाही.

त्या पोरांना आता मिसरूड फुटलंय.
वाढदिवस असला की दारात उभी:
"ताई, ते शाळेतलं काल्देरेता करशील?"
मी हो म्हणते. धंदा आहे.

यंदा आर्तेम्यो जहाजावरून आला,
खिशात डॉलर, तोंडात 'अस्सल'.
भावासाठी मी अस्सलच केलं,
दगडावर वाटून, दुपारभर चुलीपाशी बसून,
तातांगच्या फोटोसमोर आधी वाटीभर ठेवून.
दोन घास खाऊन त्यानं डोळे मिटले.
मग हळूच म्हणाला,
"छान झालंय. पण तातांगचं
मला जरा... लाल आठवतं."

राख पडली तेव्हा हा रॉटरडॅमला होता.

मी काही बोलले नाही. भात वाढला.
फ्रिजच्या दारात एक अर्धी पुडी असते,
तोंड दुमडून कपड्यांचा चिमटा लावलेली.
कधी उघडते, कधी नाही.
उघडली की आधी पाठ फिरवते,
घरात कुणी नसलं
तरी.