तीन नंबरचा पंप

सकाळी साडेआठला मी नदी चालू करतो.
आधी एक नंबर, मग दोन,
ॲमीटरचा काटा थरथरून जागेवर आला की तीन.
इथं अल ऐनला, जबल हफीतच्या पायथ्याशी,
जिथं झाडालाही सावली परवडत नाही,
सिमेंटच्या पाटातून
क्लोरीनच्या वासाचं पांढरं पाणी उसळत जातं.
रात्री दहाला ते मीच बंद करतो.
सात मिनिटांत नदी मरते.
तळाशी कुणाचा तरी गॉगल, एक चप्पल.

अकरा वर्षं हेच.
पाणी कसं आहे ते मला बेअरिंगच्या आवाजावरून कळायचं,
बघावं लागायचं नाही.

मग खिमराज म्हणाला, परकारभाई,
रोज रांधतोस आणि चव बघत नाहीस?
तो त्रिशूलीकाठचा. कायाक शिकवतो,
सुट्टीवरच्या पायलटांना, शाळेतल्या पोरांना.
मी बाणकोटच्या खाडीचा.
म्हटलं, मला तू पाणी शिकवणार?
बाप तरीवर होता माझा.
चालायच्या आधी पोहलोय मी.

त्यानं मला कंबरेपर्यंत बोटीत कोंबलं,
रबराचा घागरा आवळला,
आणि शांत पाण्यात
एका बोटाच्या धक्क्यानं उलटा केला.

पोहणाऱ्याचं काही चालू नये अशी ती जागा.
पाय अडकलेले, आकाश खाली,
नाकातोंडात पाणी,
म्हणायला नव्हे, खरंच.
दोरी ओढून बाहेर आलो, खोकत, पोरांदेखत.
त्यातली एक म्हणाली, अंकल, पहिल्यांदा असंच होतं.

"डोकं आधी वर काढतोस," खिमराज म्हणाला.
"डोकं सगळ्यात शेवटी. आधी कंबर."
म्हटलं, कसलीय की कंबर.
"कसू नको. सोड."

आता हे कुणाला सांगायचं,
की घरून निघाल्यापासून
डोकं वर काढणं एवढंच शिकलो होतो.
एजंटाचे पैसे, मग स्लॅब,
मग रुकय्याचं डी.फार्म.
दर वेळी आधी डोकं,
बाकीचं अंग येईल मागून, जमेल तसं.

सतरा दिवस ती सवय सुटली नाही.
खांद्यावर काळानिळा डाग.
घरी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, व्हॉल्व्ह लागला.
रात्री खोलीत दिवा गेल्यावर
पलंगाच्या कडेला लोंबकळून कंबर झटकत राहायचो,
तेव्हा वरच्या बंकवरून शिबूनं
न विचारता ॲसिडिटीची गोळी खाली दिली.

अठराव्या दिवशी मी दमलो होतो.
कान राहू दिला पाण्यात.
एक गुडघा वर ओढला, वल्हं पाण्यावरून सरकलं,
आणि झोपेत कूस बदलावी
तशी बोट फिरली.
डोकं आलं शेवटी, पाणी निथळत,
पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखं.

खिमराज टाळ्या वगैरे वाजवत नाही.
म्हणाला, आता डाव्या बाजूनं.

डाव्या बाजूनं अजून दहातून चार वेळाच जमतं.

काल सगळे गेल्यावर शिबू पंपघरात होता,
खिमराज काठावर, हातात दोरीची पिशवी.
वॉकीटॉकीवर शिबूनं विचारलं, किती लावू?
आधी मी एक म्हणायचो. गेला महिनाभर दोन.
तीन लागले की चौथ्या उतारावर पाणी
मागं वळून स्वतःलाच खातं.
ते मी वरून बघितलंय अकरा वर्षं,
चहा पीत.

समोर एवढं पाणी, आणि जीभ कोरडी.
खिमराज माझ्याकडे बघत नव्हता, मुद्दामच.
"तीन," म्हटलं.
"नक्की?"
उत्तर द्यायला बटन दाबलं होतं,
नुसतंच दाबून धरलं.

लांबून आधी बेअरिंगचा आवाज आला,
ओळखीचा,
एवढ्या खालून कधी न ऐकलेला.
घागरा आवळला.
कंबर सोडली.