खेप

सीपीआरची गाडी माझ्याकडं सात वर्षं.
गुरुवारी हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोली.
कोल्हापूरला येताना कुणी बोलत नाही.
पिशवीत रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स, भाकरी,
आणि एक जादा लुगडं,
तिथंच काय झालं तर म्हणून.

अक्काताई मगदूम पुढं बसली,
दाराचा दांडा घट्ट धरून.
हुपरीत चाळीस वर्षं पैंजणाच्या कड्या जोडल्या तिनं,
किलोवर मजुरी.
"लोकांच्या पायात चांदी घातली," म्हणाली,
"मोती तेवढा मला मिळाला,
त्यो बी डोळ्यात."
आणि हसली, एकटीच.

खाजगीत चौकशी केली होती पोरानं.
भिंगाचे तीन भाव सांगितले काउंटरवर,
साड्यांचे सांगतात तसे.
"घरात विचारून येतो," म्हणाला पोरगा.
घरात काय विचारायचं?
घर तर बाहेर बाकावर बसलेलं.

बाबालाल शिकलगारचा अंगठा मशीनवर उमटेना.
विळ्या, सुऱ्या, कात्र्या,
साणेवर अंगठ्याच्या रेघाच झिजून गेलेल्या.
"मग डोळा लावा," खिडकीतली पोरगी म्हणाली.
डोळा लावला.
मशीनला बाबालाल दिसेना,
बाबालालला मशीन.
शेवटी सिस्टर आली. म्हणाली,
माणूस उभा आहे की समोर. लिहा.

लिहिलं.

कुठला डोळा ते चुकू नये म्हणून
भुवईवर चिकटपट्टी लावतात.
टेबलाजवळ बाबालालनं डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं,
"पातं कुठलं हाय? धार बघू द्या."
"तुमच्यापेक्षा बरी आहे, चाचा."
त्याला काही ते पटलं नाही.
पण आडवा झाला.

सकाळी पट्टी सोडतात तेव्हा मी दारात थांबतो.
ते माझं काम नाही.
बोटं किती, सिस्टर विचारते.
अक्काताईनं बोटं मोजलीच नाहीत.
"पोरी, नखाला हळद हाय तुझ्या.
पोरांचा डबा करून आलीस न्हवं?"
बाबालाल भिंतीकडं बघत होता.
कुठला रंग म्हणायचा हा?
पोपटी, कुणीतरी सांगितलं.
"वाईट हाय," तो म्हणाला,
आणि बघतच राहिला.

कागद होईस्तोवर सहा वाजले.
परतताना गाडीत नुसता दंगा.
दसरा चौकापासनं पाट्या वाचायला लागले.
ज्यांना येतं ते अक्षरं वाचत,
येत नाही ते रंग.
थेंब चार वेळा, चुलीपुढं बसायचं नाही,
डोक्यावरनं पाणी घ्यायचं नाही,
सगळं उचगावच्या पुलावर सांडलं.

एक सांगतो, साहेबांपर्यंत नेऊ नका.
दिवाळीपासनं समोरच्या ट्रकचा दिवा
मला फुटलेला दिसतो, पिंजलेल्या कापसागत.
सात वर्षं मागच्या सीटवरनं
हेच ऐकत आलोय,
त्यामुळं कुणाला विचारायची गरज पडली नाही.
पण मी कंत्राटी माणूस.
दाखवायला गेलो तर
मोती नंतर निघंल,
स्टेअरिंग आधी.

तळंदग्याच्या वळणावर अक्काताई ओरडली,
"म्हस!"
पाय आपोआप ब्रेकवर गेला.
अंधारात अंधार उभा होता, रवंथ करत.
काळा चष्मा कपाळावर सरकवून
एका दिवसाच्या डोळ्यानं
तिनं आधी बघितली.

दंगा थांबला.
म्हस तिच्या सवडीनं गेली.
अक्काताई माझ्याकडं वळली,
सकाळी डॉक्टरीणबाई तिच्याकडं वाकून बघत होत्या तशी.
"कवापास्नं?"

मी गिअर टाकला.

हुपरीला ती उतरली, काही न बोलता.
रेंदाळला बाबालाल खिडकीशी आला.
भुवईवरची चिकटपट्टी नखानं सोलली
आणि माझ्या स्टेअरिंगवर दाबून लावली,
धार तपासावी तसा
वर अंगठा फिरवला.

धुळीनं काळी पडलीय आता.
काढलेली नाही अजून.
परवा गुरुवार.