दार उघडं आहे

आंजर्ल्याच्या पुलावर गाडी चढली की
मीटरमध्ये लाल दिवा : दार उघडं.
कुठलं, ते सांगत नाही.
उतरलो. सगळी आपटली, डिकीसकट.
पाटीतली तांबोशी बर्फात जराशी सरकली,
दिवा तस्साच.

आठ दिवस हर्णै-दापोली
कोपराने माझं दार दाबून धरत.
फ्यूज बदलला. दिव्यावर काळी टेप लावली,
कडेने लाली पाझरायचीच.

शौकत बुरोंडकरने बॉनेट उघडलंसुद्धा नाही.
चौकटीतली रबरी कळ दाबत
एकेका दाराशी वाकला,
मागच्या डाव्याशी थबकला.
कळ उपसली. तांब्यावर हिरवा कळंक.
जिभेला लावून म्हणाला, "खार.
आणि हा कोण पाव्हणा?"
नखावर एक खवला, वाळून काचेसारखा.
"दार लागलेलंच होतं रे.
कळीलाच कळत नव्हतं."

पॉलिश पेपर, बोटभर ग्रीस, चाळीस रुपये.

माझं उजवं दार, बिचारं,
आठ दिवस फुकट मार खात होतं.

आता पुलावर, भरतीच्या वासात,
नजर जाते तिथेच,
जिथे काही पेटत नाही.
आणि कोपर, मला न विचारता,
दाराला एकदा टेकून येतं.