चार्ज देताना

बाई, यादी नीट वाचून घ्या, मग सही करा.
खुर्च्या चार, त्यातली एक भिंतीला टेकवूनच ठेवायची.
कपाट एक, किल्ल्या दोन, दुसरी लागत नाही.
वजनकाटा. नकाशा एक, कन्नडमधला,
आणि मागं गुंडाळून ठेवलेला एक जुना,
त्यावर हद्द कुठनं जात होती
ते आता उंदरांनाच ठाऊक.
तांदूळ एक पोतं, डाळ अर्धं.
पट : एकतीस.

इथं सही. थांबा, इतक्यात नको.
एकतीस हा आकडा बरोबर आहे,
पण तेवढाच तुमच्या हातात ठेवून जायचं
म्हणजे कुलूप देऊन किल्ली खिशात नेण्यातली गत.

मीही असाच घेतला होता चार्ज, अकरा वर्षांमागं,
निपाणीहून बदली होऊन,
खानापूरची परतीची बस किती वाजता ते विचारत.
वर्षभर हजेरी घेतली ती नंबरानं.
एक, हजर. दोन, हजर. उरकायचं.
नऊ नंबर झोपायचा.
पाढे सुरू झाले की गाल बाकावर,
वहीवर लाळेचा डाग.
मी म्हणायचो, आले कुंभकर्ण. वर्ग हसायचा.
हसणारा वर्ग मास्तराला आवडतो, बाई,
तुम्हालाही आवडेल. जपून.

एका सोमवारी म्हटलं, हात पुढं कर.
केला त्यानं, सवयीनं.
पहिली पट्टी बसली.
दुसरी उचलली तेव्हा कुठं हात दिसला :
बोटांची टोकं काळी, साल निघालेली,
तळव्याला भाजल्यासारखे चट्टे.
काय रे हे?
"काजू फोडायलोय सर. रात्री. आईसंगट."
आणि डावा हात पुढं करून,
"ह्येच्यावर मारा, त्यो लई दुखायलाय."

दुसरी मारली नाही.
पहिली मात्र बसली होती.

त्याचं नाव ओमाण्णा.
संध्याकाळी त्याच्या घरी गेलो.
आई बैलहोंगलकडची, तिची सगळी भाषा कन्नड,
कारखान्याचा माणूस वजन करायला आलेला,
त्याला मराठीशिवाय काही कळेना,
आणि दोघांच्या मधे हा, उकिडवा बसून,
इकडचं तिकडं, तिकडचं इकडं,
मधेच हिशेब, तोही तोंडी :
नऊ किलो, वर पावशेर,
मागचे बारा रुपये राहिलेत ते धरा,
टरफलाचं वजन कापू नका, गेल्या खेपेला कापलंसा.
मी दारात उभा.
प्रगतिपुस्तकात माझ्याच अक्षरात होतं :
भाषा कच्ची. गणितात लक्ष नाही.

चहा दिला त्यांनी. कपाला कान नव्हता.
घोट घेताना ओमाण्णा माझ्याकडं बघत होता,
मी आता काय लिहिणार म्हणून.

असो. आणखी एक, हे यादीत सापडणार नाही.
जुनं रजिस्टर, बावीस नंबर, लाल शाई :
"सतत गैरहजर, नाव कमी."
चांगुणा. दोन वर्षं होती,
तिसऱ्या रांगेत, खिडकीकडं.
बहुतेक खिडकीकडं.
वीटभट्टीची माणसं गेली तेव्हा गेली.
आठवायला बसलो की एक वेणी आठवते,
ती कुणाचीही असेल.
आवाज काही केल्या येत नाही.
चारशे वेळा तरी "हजर" म्हणाली असेल,
चारशे वेळा मला सांगितलं तिनं
की मी इथं आहे,
आणि मी खाली मान घालून
बरोबरची खूण करत गेलो.

हं, करा आता सही. पेन उमटत नाही?
झटका जरा, त्याची सवय आहे.
ते दारातनं कोण डोकावतंय, बघा.
नको, मी सांगत नाही.
तुम्हीच विचारा.
पहिल्यांदा तो खोटंच नाव सांगतो, सगळ्यांनाच,
आणि मग बघत राहतो,
दुसऱ्यांदा कोण विचारतंय.