छाट

गुंटूरची मिरची आली नणंदेच्या पिशवीतून,
वाळलेली, खुळखुळ वाजणारी.
एक फोडली, तीस बिया निघाल्या.
मोजल्या, कारण मोजायची सवय आहे,
मजुरी हजाराला मिळते,
नऊशे नव्व्याण्णवला नाही.

यांनी लूमवरनं आणलेला टॉवेलचा तुकडा होता,
काठ तिरका गेलेला.
ओला केला, बिया आत निजवल्या,
फ्रिजच्या मागं ठेवला, भिंत कोमट असते तिथं.
स्वरूपा हसली, आई, सोलापुरात बियांना ऊब कमी पडती होय?
माघ होता. पहाटेला गार लागत होतं अजून.

आठव्या दिवशी टॉवेलच्या फासांतून
पांढरी शेपटी बाहेर.
सत्तावीस उगवल्या.
दुधाच्या पिशव्या कापून माती भरली,
ओट्यावर रांग लावली.
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
मधल्या दिवसांत तेंदूची पानं भिजवलेलं पाणी घातलं,
चहाच्या रंगाचं.
एक हात सुपात, एक हात रोपांत.
कुणाची मान वाकली, काडी टेकवली.
कुणाचं पान दुमडलं, बोटानं उलगडलं.
लेकरासारखं वाढवलं असं नाही म्हणणार,
लेकरांना एवढा हात कुठं लावला होता,
तेव्हा दिवसाला हजार वळायच्या होत्या.

चैत्रात पानं आखडली.
हिरव्यात पिवळं, पिवळ्यात हिरवं,
रंग न धरलेल्या चादरीसारखं.
एक पान रुमालात घेऊन होटगी रोडच्या नर्सरीत गेले.
बसवराज नावाचा पोरगा.
त्यानं पान उन्हाला धरलं,
मग माझ्या बोटांकडं बघितलं.
मावशी, काम काय करता?
सांगितलं.
म्हणाला, तंबाखूचा रोग आहे हा.
तंबाखू आणि मिरची एकाच घरातल्या,
एकीचा दुसरीला लागतो. हातातनं जातो.
मग कुंड्यांकडं बघत म्हणाला,
तुम्ही हात लावू नका.

बसमध्ये अख्खा रस्ता हात पदराखाली.
चौतीस वर्षं चेकर म्हणतोय,
ही छाट, ही छाट, ही पण छाट.
विड्या फेकून दिल्या त्यानं, वाईट वाटलं, सोडून दिलं.
हाताला छाट कुणी म्हणालं नव्हतं.

दुधानं हात धुवा, असंही म्हणाला होता तो पोरगा.
दुधानं!
चहापुरतं पाव लिटर येतं घरात.
तरी रोज सकाळी दोन चमचे तळव्यावर घेतले,
पिंडीवर सोडतात तसे, हळू,
बोटांच्या बेचक्यांत चोळले.
हे म्हणाले, चहा काळा का आज?
म्हटलं, म्हैस आटली.

एकवीस रोपं उपटली. जाळली.
सहा उरली.
वैशाखात पारा चव्वेचाळीसवर,
फुलं यायची आणि दुपारपर्यंत ओट्यावर पडलेली असायची,
झाडून काढायची, बस्स.
जुन्या चादरीचा आडोसा बांधला.
एकाच झाडानं धरलं.
आठ मिरच्या, आखूड, वाकड्या,
बाजारात कुणी ढुंकून बघितलं नसतं.
एक ठेचून भाकरीवर घेतली,
यांना उचकी लागली, बोलता येईना.
माझ्या बोटांना काही झालं नाही.
चौतीस वर्षांत ती कुठंतरी बधिर झालीत.
डोळ्याला हात गेला, तेव्हा कळलं.

स्वरूपा परवा नोकरीला हैदराबादला गेली.
डबा, चादर, शेंगाचटणी, सगळं भरून झालं.
मग मी दुधानं हात धुतले,
एक पान निवडलं, कात्रीनं कापलं,
जर्द्याच्या जागी चाळीस बिया घातल्या,
वळलं, टोक नखानं दुमडलं,
लाल दोरा बांधला.
पोट फुगलेली, एका बाजूला कललेली विडी.
चेकरनं हमखास छाटली असती.
तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.