काचेखालचं बोट

कास्त्रोचं हॉस्पिटल, बेड चार.
एलादिओ बार्रिया, वय एकावन्न,
शिंपले वाढवायच्या दोरांवर राबणारा.
तळहाताला एक चीर, नखाएवढी.
मंगळवारी ती त्यानं समुद्राच्याच पाण्यानं धुतली होती.

आज शुक्रवार.
मी त्याच्या बोटावर काचपट्टी दाबते,
दहा मोजते, सोडते,
आणि पांढरं पडलेलं बोट
परत लाल व्हायची वाट बघते.
सहा. सात.
धडधाकट माणसाला तीन पुरतात.

लॅक्टेट सहा पूर्णांक एक.
नेल्दा तिसऱ्यांदा पंप वाढवते
आणि काही बोलत नाही.

जंतू मेले का, ओतिलिया विचारते.
मेले असतील बहुतेक.
मग हे काय चाललंय?

कसं सांगू.
त्याच्या पेशींत एक एन्झाइम आहे,
साखर फोडणारा साधा कामगार.
हाताला काम कमी असलं की
दाह पेटवायच्या एका चिठ्ठीवर
तळवा ठेवून बसतो,
कुणी वाचू नये म्हणून.
मग धोक्याची हाक येते.
पेशी बकाबका साखर खाऊ लागते
आणि हा कामाचा माणूस
चिठ्ठी सोडून साखरेकडे धावतो.

बस, एवढंच.
वाईट कुणीच वागलेलं नाही.

चिठ्ठी वाचली जाते. पेशीपेशीत वाचली जाते.
रक्तवाहिन्या सैलावतात, झिरपतात,
मूत्रपिंडं गप्प होतात,
आणि जळता जळता आंबलेलं रक्त
माझ्या कागदावर एक आकडा होऊन येतं.

यातलं अर्धंच मी तिला सांगते.
हाक आली की हाही हातातलं टाकून पळतो,
ती म्हणते. मग, जरा थांबून:
आमच्या लोखंडी चुलीला झडप असते.
ह्याला नाही?

आहे.
त्याच भट्टीत, उशिरा,
दुसरा एक एन्झाइम जागा होतो,
जळणातलंच थोडं उचलून
एक आम्ल बनवतो,
जाळ खाली बसवणारं.
कुणाच्या अंगात तो वेळेवर येतो,
कुणाच्या येत नाही.
त्याला बोलावून आणायचं औषध
माझ्या कपाटात नाही.
माझ्याकडे सलाइन आहे, पंप आहे,
ही काचपट्टी आहे.

ओतिलियाच्या शालीला लाकडाच्या धुराचा वास.
ती खुर्ची पलंगाजवळ ओढते.

पहाटे चारला पुन्हा दाबते. दहा. सोडते.
पाच.

नेल्दा वहीत पाच लिहिते,
मग खोडून पुन्हा पाचच लिहिते,
नीट वाचता यावं म्हणून.