तेरावा खांब

बावीस खांब. नकाशा पालिकेचा, शिडी माझी,
चर खणायला रुस्तावीहून आलेली दोन पोरं.
तिबिलिसीच्या या टोकाला, नऊमजली इमारतींच्या मधे,
ही बाग तीस वर्षं काळोखात होती.
आधीचे दिवे? होते.
त्यांची तांब्याची तार कुणीतरी एका हिवाळ्यात
उपटली, वितळवली, विकली, पीठ आणलं.
कुणीतरी म्हणजे माझे वडील.
हे मी पोरांना सांगितलं नाही.

अर्जावर दोनशे अकरा सह्या होत्या.
पहिली नुत्साची.
ती भट्टीत पाव लावते, पहाटे चारला घरातून निघते,
कोटाच्या खिशात किल्ल्या अशा धरून
की प्रत्येक बोटामधून एक टोक बाहेर.
मग नार्दी खेळणारे म्हातारे,
जे मोबाइलच्या उजेडात फासे वाचतात
आणि पाचाला सहा म्हणून भांडतात.
(अंधार गेल्यावर हरल्याचं खापर कशावर फोडायचं,
हे त्यांना अजून सुचलेलं नाही.)
सही न करणारी एकच. लामझिरा, चौथा मजला.

तिनं मला वर बोलावलं.
लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं. माझ्याकडे नव्हतं, चढून गेलो.
शेगडीवर राजम्याचं लोबियो रटरटत होतं,
वाफ धरलेल्या खिडकीत पुसलेली जागा
ताटलीएवढी.
"तेरावा खांब," ती म्हणाली, "तुतीखालचा. तो गाळा."
का, ते सांगायला दोन पेले चहा लागला.
तिचा नवरा ओतिया. ती घरात ओढू देईना,
म्हणून तो तुतीखालच्या बाकावर जाऊन बसायचा.
इथून फक्त लाल ठिपका दिसे.
ठिपका तेजाळला की झुरका,
मंदावला की विचार,
खाली पडला की ती ताटं मांडायला घेई.
सात वर्षं झाली त्याला जाऊन.
"आणि अजून रोज रात्री, नऊच्या सुमाराला,
तिथे ठिपका लागतो.
कोण ते मला ठाऊक नाही.
ठाऊक करून घ्यायचंही नाही."

मी नकाशा उलगडला.
तेरावा खांब नेमका त्या वळणावर.
काही बोललो नाही. अशा बाईला
मोजपट्टी दाखवून काय समजावणार?
तिनंच विचारलं, "पाववाल्या पोरीची वाट हीच ना?"
हीच.
काचेवर तिचा श्वास जमला, तिनं बाहीनं पुसला,
मग पेन मागितलं.
सही इतकी बारीक केली
की पालिकेतल्या बाईंनी मला दोनदा नाव विचारलं.

मार्चमधल्या एका गुरुवारी कळ दाबली.
एकवीस लागले. पाचवा रुसला, जोडणी ढिली.
म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच भांडले,
कानात पिवळा बिल्ला असलेला कुत्रा
स्वतःच्या चार सावल्यांवर भुंकला.
तुतीला अजून पान नव्हतं,
फांद्या अशा उघड्या पडल्या
की मलाच अवघडल्यासारखं झालं.
खाली बाकावर एक पोरगा. पंचविशीचा,
शेजारी घरपोच जेवण नेण्याची चौकोनी पिशवी,
हातात सिगरेट, डोळे दिपलेले.
चोरी पकडल्यासारखा तो उठायला लागला.

तेवढ्यात लामझिरा खाली आली.
पायात सपाता, अंगावर पुरुषी कोट, खांद्यांना ढगळ.
तिनं त्याला पाहिलं. बराच वेळ.
मग म्हणाली, "दुसऱ्यांचं पोचवतोस, तू जेवलास का?"
पुढचं मी ऐकलं नाही, शिडी आवरत होतो.
एवढं दिसलं की ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली
आणि हातानं धूर वारत राहिली,
जुनं भांडण पुढे चालू असल्यासारखी.

पहाटे पाचव्या खांबाकडे परत आलो.
नुत्सा वळणावरून गेली, हात खिशाबाहेर,
एका हातात कालचा पाव, चावत.
मला ओळखलं नाही. कशाला ओळखेल?

नवी तार ॲल्युमिनियमची आहे.
विकून फारसं काही येत नाही.
तरी चरावर माती ओढल्यावर
मी ती बुटानं दोनदा चोपली.